शब्दांची सरेंडर व्हॅल्यू

पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि वहीच्या पानावर मधोमध पट्टीने रेघ आली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्री पान उभं दुमडायचं, अर्थ झाकायचे आणि घडाघडा म्हणून दाखवायचं. त्या वहीत ‘फास्ट म्हणजे जलद’ असं लिहिलेलं होतं. पुढे एका उताऱ्यात गांधीजींनी ‘फास्ट’ सुरू केला, तेव्हा त्यांनी एवढं जलद काय सुरू केलं ते मला काही केल्या कळेना.

शब्द ‘येतो’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न नीट विचारला गेला तो ढाक्यात. मायकेल वेस्ट तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगालमधल्या द्विभाषिकतेवरच्या १९२६ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने विम्याच्या धंद्यातली एक संज्ञा उचलली: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती येतं? बंगालमधली बरीच मुलं चार-दोन वर्षांत शाळा सोडत. त्यांच्या हाती लागलेलं इंग्रजी कशाला उपयोगी पडणार? वाचनमालांत नवे शब्द दाटीवाटीने कोंबलेले, त्यात पुस्तकी शब्दांची भर, आणि ते मुरायला पुरेसा मजकूर नाही. वेस्टने शब्द कमी केले, वाचन वाढवलं.

कोणते शब्द ठेवायचे हे ठरवायला मोजदाद लागते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने १९२१ मध्ये १०,००० शब्दांचं शिक्षकांसाठीचं पुस्तक काढलं होतं. कोणता शब्द किती वेळा भेटतो त्यावरून शब्दांचा क्रम लावलेला. १९३४ मध्ये थॉर्नडाइक, वेस्ट आणि तोकियोत इंग्रजी शिकवणारा हॅरल्ड पामर न्यूयॉर्कच्या एका परिषदेत एकत्र बसले. त्या खटाटोपातून अखेर १९५३ मध्ये वेस्टची सुमारे २,००० शब्दांची यादी आली. तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे शब्दापुढे त्याचे वेगवेगळे अर्थ आणि प्रत्येक अर्थ किती टक्के वेळा येतो याचा आकडा. माझ्या ‘फास्ट’ची अडचण त्याने आधीच ओळखली होती म्हणायची.

पण पुढे यादी राहिली, टक्के गळाले. कारण उघड आहे: अर्थ मोजणं किचकट, शब्द मोजणं सोपं. शिवाय २,००० शब्दांनी मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग उलगडतो हे ऐकायला भरघोस वाटलं, तरी दर पाचवा शब्द अडला तर वाचणारा पुस्तक मिटून ठेवतो. न्यूझीलंडच्या पॉल नेशनने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा: आधाराशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. ‘कूळ’ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी पिलावळ.

याच नेशनची १९८३ ची चाचणी पायरीपायरीची होती: पहिल्या दोन हजारांत भोकं आहेत की पुढे, हे शिक्षकाला कळावं म्हणून. वेल्समधल्या पॉल मेराने मात्र गंमत केली. शब्द द्यायचे, ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ एवढंच विचारायचं, आणि मध्ये बनावट शब्द पेरायचे. मराठीत करायची तर अशी: तोबरा, ओशट, निपरोळ, अडसर. यातल्या निपरोळला कुणी ‘येतो’ म्हटलं की बाकीच्या होकारांचाही भाव उतरतो. (कुठल्या तालुक्यात निपरोळ खरंच असेल तर आगाऊ माफी.) चाचणी भन्नाट, पण तिथेही ‘फास्ट’ला माझा होकारच गेला असता आणि तो खराही ठरला असता.

आमच्या वर्गातली एक मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही. तिची वही माझ्याहून नीटनेटकी होती. मध्यंतरी गावी भेटली, सासूबाईंची औषधं लावत होती. पाकिटावरचं ‘एक्स्पायरी’ तिने सहज वाचलं. ते तिला मेडिकलवाल्याने शिकवलं होतं. खाली बारीक अक्षरांत ‘शेक वेल बिफोर यूज’ होतं, ते मला विचारलं. मग हसत म्हणाली, “पण डॅफोडिल म्हणजे पिवळं फूल, ते अजून पाठ आहे बघ.”