थकबाकीची फौज

बॅटल ब्रदर्स हा संगणकावरचा खेळ हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजने २०१७ साली बाजारात आणला. खेळणारा त्यात भाडोत्री शिपायांच्या टोळीचा नायक असतो. गावोगाव हिंडायचं, कुणाचं तरी काम अंगावर घ्यायचं, माणसं भरती करायची आणि त्यांचा रोजमुरा रोजच्या रोज चुकवायचा. भरतीला भिकारी येतो, रोजंदार येतो, शेतगडी येतो, कोळीही येतो. दुसऱ्या टोकाला कसलेला तलवारबहाद्दर किंवा चिलखतासकट दाखल होणारा भटका सरदार असतो. भिकारी चार नाण्यांत मिळतो आणि बहुधा पहिल्याच चकमकीत मरतो. सरदाराला ठेवायचं तर थैली रिकामी होते आणि रोजचा पगारही जबर द्यावा लागतो. या खेळात मेलेला माणूस परत येत नाही. त्यामुळे खेळणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, स्वस्तातली दहा माणसं घ्या, जगतील ती तयार होतील. दुसरा म्हणतो, दहांच्या मयतीवर जो खर्च होतो त्यात एक जातिवंत शिपाई येतो.

वाद रंगतदार आहे, पण खेळाने त्यात एक गोष्ट फार सोपी करून टाकली आहे. पगार थकला की शिपाई नाराज होतो आणि एक दिवस टोळी सोडून निघून जातो. खातं बंद. उदगीर, औसा, हदगाव, हिंगोली या मुलखाने जे पाहिलं ते याच्या उलट आहे. इथे पगार थकलेला शिपाई निघून जात नसे. तो दारात धरणं धरून बसे आणि थकबाकी वाढेल तसा मालकाचा सावकार होत जाई.

स्वस्त कोण आणि महाग कोण, हे ठरवणंही खेळात वाटतं तितकं सरळ नव्हतं. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांप्रमाणे बारगिराला महिना दोन ते पाच होन मिळत, शिलेदाराला सहा ते बारा. कागदावर बारगीर निम्म्याहून स्वस्त दिसतो. पण त्याचा घोडा सरकारी, दाणावैरण सरकारी आणि पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद तोही सरकारी. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणी. दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडला तर बारगीर स्वस्त होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी राज्याचा भर पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांच्या दळावर, राहिला आणि सभासद बखरीप्रमाणे शिलेदारही पागेच्या हुकमतीत ठेवले गेले. याचं कारण घोड्यात आहे. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं सगळं भांडवल, आणि ऐन लढाईत भांडवल जपण्याकडे माणसाचा हात आपोआप वळतो. बारगिराला ती चिंता नव्हती. घोडा पडला तर राज्याचा पडला.

पेशवाईत हा हिशेब बदलला, कारण बाजारात नवा माल आला होता. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेले गारदी ओळीने उभे राहून गोळीबार करत आणि तोफा सराईतपणे चालवत. त्यांना लुटीतला वाटा नको होता, दरमहा रोख पगार हवा होता. मराठी फौजेच्या सवयींना ही मागणी परकी होती. मोहिमेआधी थोडी नालबंदी, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची, पुढचं मुलूखगिरीतून भागवायचं, ही जुनी रीत. पहिला नामांकित गारदी मुजफ्फरखान पेशव्यांकडे आला, पैशांच्या हिशेबावरून बिनसल्यावर सावनूरच्या नवाबाकडे गेला आणि परत पेशव्यांकडे आला. १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंवर वार करण्याच्या कटात सापडून त्याला देहदंड झाला. एवढं होऊनही भाऊंनी गारद्यांचा नाद सोडला नाही. मुजफ्फरखानाचाच नातलग इब्राहिमखान, जो आधी निजाम अलीच्या चाकरीत होता, तो तोवर मराठ्यांकडे आलेला होता.

गारद्यांवरचा पैसा वसूल झाला उदगीरला. फेब्रुवारी १७६० च्या आरंभी उदगीर-औशाच्या पट्ट्यात मराठ्यांनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडलं. निजामाची माणसं धारूरच्या दिशेने सरकत आपल्या दुसऱ्या फौजेला मिळायच्या खटपटीत होती आणि इब्राहिमखानाच्या तोफा त्यांना ते करू देत नव्हत्या. शेवटी तह झाला. दौलताबाद, असीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर यांसह सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला. महागड्या भरतीचं याहून चांगलं उदाहरण मराठी इतिहासात सहसा सापडायचं नाही. आणि त्यातला गमतीचा भाग असा की ही तोफखान्याची विद्या ज्याच्या पदरी आधी नांदत होती, तीच त्याच्यावर उलटली.

अकरा महिन्यांनी पानिपतावर तोच खान, तेच गारदी होते. काशीराज पंडिताच्या वृत्तांतात लढाईच्या सकाळचा प्रसंग आहे. इब्राहिमखान भाऊंना सांगतो की नियमित पगारासाठी तगादा लावतो म्हणून आपण माझ्यावर रुष्ट होता. या महिन्याचा तर पगारही मिळालेला नाही. पण आजवर घेतलेला पैसा फुकट घेतला नाही, हे आज दाखवतो. आणि त्याने दाखवलं. गारद्यांच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या, खान जखमी अवस्थेत सापडला आणि मारला गेला. पैशासाठी लढणारा माणूस शेवटपर्यंत टिकणार नाही, हा सरसकट समज या एका प्रसंगापुढे उभा राहत नाही. अर्थात साडेबारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याच्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, तेव्हाही थकलेला पगार मागत गारदी आत शिरले होते. दोन्ही ठिकाणी पगार थकलेलाच होता. मालकाची पत मात्र सारखी नव्हती.

निजामाच्या राज्यात तर थकबाकी ही राज्यपद्धतीच बनली. अरब शिपाई महाग आणि शूर, किल्ला राखण्यात त्याचा हातखंडा. हैदराबादचे अरब जमादार पगार मिळाला नाही म्हणून अरबस्तानात परत गेले नाहीत. त्यांनी थकलेल्या पगारापोटी तालुक्यांचा वसूल आपल्याकडे तारण घेतला, दरबाराला वर आणखी कर्ज दिलं आणि आपल्या ऋणकोंना कोंडून ठेवण्यापर्यंत मजल गाठली. बडोद्यालाही हेच झालं होतं. तिथे तर सरकारच्या शब्दाला अरब सरदार जामीन राहत आणि १८०२ मध्ये त्यांची देणी भागवून त्यांना बाहेर काढायला इंग्रजांना तोफा लावाव्या लागल्या.

मराठवाड्यातल्या माणसाला उचल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. हैदराबादेत तीच दोरी उलटी बांधली गेली होती. तिथे बांधला गेला तो मालक.

जानेवारी १८१९ मध्ये हदगावकडच्या नोव्ह्याच्या गढीपुढे दोन महागड्या फौजा समोरासमोर आल्या. आत हटकर नाईकांचा जमाव आणि त्यांनी पदरी ठेवलेले अरब, बाहेर मेजर पिटमनच्या हाताखालची रसेल ब्रिगेड. ही ब्रिगेड हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने उभी केली होती. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. गढी महिनाअखेरीस पडली, आतले बहुतेक अरब लढत मेले. विजयाचं श्रेय ब्रिगेडला मिळालं, त्याचं बिल निजामाचा कारभार पाहणाऱ्या चंदूलालच्या दप्तरात गेलं. फौजेचा पगार भागवायला चंदूलालने पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने पैसा उचलला होता. १८२० मध्ये या पेढीचं साठ लाखांचं कर्ज झालं. ते निस्तरताना १८२३ मध्ये इंग्रजांकडून उत्तर सरकार प्रांतापोटी दरसाल येणारी सात लाखांची पेशकश निजामाने कायमची सोडून दिली. पगाराच्या पायी राज्याचं एक अखंड उत्पन्न गेलं.

चंदूलालच्याच काळात, १८३२ च्या सुमारास, पंजाबातून रणजितसिंहांची शीख तुकडी आली. लाहोरी फौज म्हणून ती ओळखली गेली आणि वसुलीच्या कामाला लागली. त्याच दशकात रणजितसिंहांच्या मदतीने नांदेडला हुजूर साहिबचं बांधकाम झालं. या शिपायांचे वंशज दख्खनी शीख म्हणून आजही हैदराबाद-नांदेडकडे आहेत. भाडोत्री म्हणून आलेली माणसं त्या मातीची झाली, हाही भरतीचा एक हिशेब आहे, आणि तो कुठल्याच वहीत मांडला गेला नाही.

रसेल ब्रिगेडची पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही तिची ठाणी. तिचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. म्हणजे महाराजांनी ज्या रीतीला पागेखाली ठेवलं तीच रीत इंग्रजांनी काटकसरीची म्हणून उचलली. तरीही फौजेचा एकूण बोजा काटकसरीचा नव्हता. दरसाल चाळीस लाखांच्या आसपास खर्च, वेळेवर पगार देण्याची ताकद नाही, म्हणून इंग्रजांनी आपल्या तिजोरीतून पैसा भरायचा आणि तो निजामाच्या नावे मांडायचा. १८५३ मध्ये ही बाकी पुढे करून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि लातूरला लागून असलेला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख लावून घेतला गेला. त्याच महिन्यात दिवाण झालेल्या सालारजंगाने अरबांकडे गहाण पडलेले तालुके हळूहळू सोडवले. मोठा सावकार मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

१८६० च्या तहात रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड राहिलं, आणि त्याच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही, असं कलम घातलं गेलं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला २५ लाखांच्या कायम खंडाने घेतलं. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी लष्करात मिसळून टाकण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड तारण होतं ती फौज निजामाची म्हणून उरलीच नाही. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडून इंग्रजांच्या कारभाराखाली राहिलं.