इतर हक्क

माणसाला गुण देऊन देशात घ्यायचं, ही रीत कॅनडानं १९६७ साली काढली. वय किती, शिक्षण किती, भाषा येते का, हातात कोणतं काम आहे, असे एकेकाचे आकडे मांडायचे, बेरीज करायची, बेरीज भरली तर या म्हणायचं. ऐकायला हे आमच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारासारखं लागतं. तिथं देवणी गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, चार पावलं चालवतात, मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. पण त्याआधी कॅनडा काय करत होता तेही बघायला पाहिजे. आधी माणूस कोणत्या देशातला, कोणत्या वंशाचा, हे बघून दार उघडायचं का लावायचं ते ठरत होतं. त्या मानानं दात बघणं बरं. दाताला जात नसते.

हे सगळं मला माहीत व्हायचं कारण माझी पुतणी. जीएनएम झालेली नर्स आहे. लातूरला एका दवाखान्यात सात वर्षं रात्रपाळ्या केल्यात. आधी तिनं कॅनडाचं बघितलं, आता जर्मनीच्या तयारीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. पहिल्यांदा दहा हजार पोरं जाणार अशी बातमी पेपरात आली, तेव्हापासून जळकोटच्या चहाच्या हॉटेलातसुद्धा जर्मनीचं नाव निघायला लागलं. पुतणी त्या योजनेतून गेली नाही, स्वतःच खटपट करतेय. पहाटे पाचला मोबाईलवर क्लास. ए-वन, ए-टू, बी-वन झालं, आता बी-टू. नर्सला तिथं रोग्याशी बोलावं लागतं, म्हणून भाषेत सूट नाही. आणि भाषा झाली तरी इथलं शिक्षण तिथल्या नर्सच्या शिक्षणाशी ताडून बघतात. कमी पडलं तर तिथं गेल्यावर काही महिने शिका, नाहीतर परीक्षा द्या.

कॅनडाचं चाललं होतं त्या दिवाळीत तिनं गंमत म्हणून घरातल्या सगळ्यांचे गुण काढले. एकूण बाराशेचा हिशोब. एकट्या माणसाला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत वयाचे पूर्ण ११० गुण. तिसाव्याला १०५, चाळिशीला ५०, आणि पंचेचाळिसाव्याला शून्य. "काका, तुमाला वयाचं शून्यच," म्हणली. मी म्हणलं, "मला काय, माझ्या बैलालाबी शून्यच की." सगळे हसले. मग तिनं तिच्या दादाचे काढायला घेतले. वयाचे मिळाले. शिक्षण दहावी, तिथं काही नाही. इंग्रजी नाही, तिथं शून्य. मग आला कामाचा अनुभव. सतरा वर्षं शेती. पण अनुभव म्हणजे कागद लागतो. पगाराची पावती, साहेबाचं पत्र, काम काय काय केलं त्याची यादी. स्वतःचं काम असेल तर आपल्याच हातानं लिहून दिलेलं चालत नाही, तिसऱ्यानं सांगावं लागतं. दादा म्हणला, "माजा साहेब पाऊस. त्येचं पत्र कुटून आणू?" आणि भाषेतच शून्य पडल्यावर पुढचं काढायचं कामच उरलं नाही. शिवाय एकट्या माणसाला खात्यात पंधरा हजार डॉलरच्या आसपास रक्कम दाखवावी लागते, तीही उसनी चालत नाही. चार एकर शेत दाखवून भागत नाही. जमीन त्या हिशोबात धरतच नाहीत.

शेत विकत घेऊन स्वतः कसणाऱ्यासाठी कॅनडात एक वेगळी वाट होती म्हणे, ती मार्च २०१८ मध्ये बंद झाली. अमेरिकेत पैसेवाल्यांना दार आहे. मागास भागात आठ लाख डॉलर गुंतवायचे आणि दहा माणसांना पूर्ण वेळ काम द्यायचं. दहा माणसांना काम तर आम्हीही सोयाबीनच्या काढणीला देतो. पण चारच दिवस.

आता, दुसऱ्याच्या देशानं माणूस पारखून घेतला तर त्यात अन्याय आहे का? माझं मत, नाही. पाडव्याला सालगडी ठेवताना आपण काय बघतो? वय बघतो. व्यसन बघतो. पाणी धरता येतं का, पाळी घालता येते का, मागच्या मालकाकडं किती साल टिकला, ते विचारतो. बायको कामाला येणारी असेल तर दोन पोती जास्त द्यायला तयार होतो. कॅनडाही नवऱ्याबरोबर बायकोच्या शिक्षणाचे, भाषेचे वेगळे गुण धरतो. म्हणजे ते आमच्यापेक्षा काही वेगळं करत नाहीत, फक्त छापून करतात. आम्ही छापत नाही, म्हणून आम्हाला विचारताही येत नाही की मला का नाही ठेवलं.

आमच्या भागाला तर असला दाखला नवा नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पहिल्या सालारजंगानं उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं बोलावून कारभारात बसवली, त्यातून मुलकी आणि गैरमुलकी हे भांडण लागलं. १९१९ साली फर्मान निघालं की सरकारी नोकरीला माणूस मुलकी पाहिजे, आणि बाहेरच्याला मुलकी व्हायचं तर सलग पंधरा वर्षं इथं राहिलेला पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीला मुलकी सर्टिफिकेट हा शब्द तोंडपाठ होता. पण गंमत बघा. जळकोटचा माणूस शंभर पिढ्यांचा मुलकी, तरी त्याचा उपयोग शून्य, कारण कारभार उर्दूत. राहतं घर आपलं आणि परीक्षा परक्या भाषेची. पुतणी निदान परक्या भाषेची परीक्षा परक्या देशासाठी देते.

म्हणून मला तक्त्याचा राग नाही. मला अडतंय ते त्यातल्या एका शब्दाशी. कुशल.

बहात्तरच्या दुष्काळात माझी माय खडी फोडायला जायची. मी दहा-अकरा वर्षांचा, सुकडीच्या आशेनं बरोबर असायचो. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यात कामाचं नाव 'अकुशल काम'. आजही मस्टरवर तेच. पण दगड कोणत्या अंगानं ठेवला म्हणजे एका घावात फुटतो, हे माय दगड नुसता हातात फिरवून सांगायची. शेजारची नवी बाई दिवसभर ठोकून निम्मी पाटी भरायची. तसंच तिफणीचं. आता ट्रॅक्टरनं पेरतात, पण तेव्हा चाड्यावर मूठ धरणारी बाई गावात दोन-तीनच असायच्या. बैलाची चाल बघून मुठीतून दाणा सोडायचा, दाटही नाही, विरळही नाही. दहा दिवसांनी रान उगवून आलं की कुणाचा हात होता ते बांधावरून कळायचं. ही कुशलता नाही तर काय आहे? शासनाला तसं म्हणायचं नसेल. त्यांना म्हणायचंय, ज्याला कागद नाही ते अकुशल. पण पन्नास वर्षं एकाच माणसाला तोच शब्द ऐकवला की तोही तसंच समजायला लागतो. पुतण्यानं त्या दिवाळीत आपले गुण ऐकले आणि हसला, पण लवकर उठून गोठ्यात गेला.

त्याचं सांगायला पाहिजे. माझे थोरले भाऊ वारले तेव्हा हा उदगीरला अकरावीत होता. पोरगी नववीत. त्यानं कॉलेज सोडलं आणि औत धरलं. आम्ही वेगळे निघालेलो, माझंही जेमतेम, जमलं तेवढं केलं. तिच्या नर्सिंगच्या वेळी त्यानं बैलजोडी विकली. एक वर्ष दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रात्रीची नांगरट केली. त्याची बायको आली तेव्हा तिच्या अंगावरचंही दोन वेळा गहाण पडून सुटलं. आता जर्मनीच्या फॉर्मवर तिच्या शिक्षणाचा रकाना आहे, अनुभवाचा आहे, भाषेचा आहे. बापाचं नाव आहे, आईचं आहे. भावाला रकाना नाही.

आपल्या सातबाऱ्यावर एक रकाना असतो, 'इतर हक्क'. जमीन माझ्या नावावर, पण सोसायटीचा बोजा तिथं लिहिलेला असतो. कूळ असेल तर त्याचं नाव तिथं. विहिरीत भावाचा पाण्याचा हिस्सा असेल, नाहीतर शेजाऱ्याला माझ्या बांधावरून वाट असेल, तर तेही तिथंच. मालकी एकाची, पण जमीन एकट्याची नाही, हे सांगणारा तो रकाना. माणसाच्या कौशल्याला असा रकाना काढला तर पुतणीच्या उताऱ्यावर दादाचं नाव येईल यात मला शंका नाही. भांडण पुढं आहे. तिथं तो कोण म्हणून येईल?

बोजा म्हणून आला, तर हिशोब सोपा आहे. बैलजोडी इतक्याची, फी इतकी, व्याज इतकं. जर्मनीचे दोन-तीन पगार पाठवले की बोजा उतरला, फेरफार झाला, सुटलं. पुतणी एकदा तसं बोललीही. "दादाचं सगळं फेडणार मी." तिनं प्रेमानंच म्हणलं. पण दादाचं तोंड उतरलेलं मी बघितलं. त्यानं कर्ज म्हणून दिलंच नव्हतं, मग फेडणार काय?

कूळ म्हणून आला तर त्याहून अवघड. आमच्याकडं १९५० चा हैदराबाद कुळकायदा लागू झाला, त्यानं कितीकांचं नशीब पालटलं. कसणाऱ्याचा घाम जमिनीत मुरलाय, म्हणून जमिनीवर त्याचाही हक्क. हे न्यायाचं आहे. आणि दादानं तिला कसलंच आहे एका अर्थानं. पण माणूस म्हणजे रान नव्हे. मी तुला वाढवलं म्हणून तू जायचं नाहीस, असं म्हणायचा हक्क भावाला दिला तर उद्या बापाला द्यावा लागेल, परवा गावाला. पोरीच्या बाबतीत तर हा हक्क आपण आधीच खूप वापरून बसलोय.

देशाच्या पातळीवर यावर शहाण्या लोकांनी डोकं चालवलंय. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचवलं होतं की शिकून परदेशी गेलेल्यांच्या तिथल्या कमाईवर थोडा कर बसवावा आणि तो मागं राहिलेल्या गरीब देशांच्या कामी यावा. विचार सरळ आहे, पण तो पैसा दिल्लीला येईल. दादाच्या गोठ्यापर्यंत यायला त्याला किती टेबलं लागतील? दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली नियम केला की जिथं डॉक्टर-नर्सचा तुटवडा आहे तिथून माणसं ओढून नेऊ नका. २०२३ ला अशा ५५ देशांची यादी निघाली. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान त्यात आहेत. भारत नाही. म्हणजे पुतणीला नेण्यात जर्मनीचं काही चुकत नाही. पण यादी देशाची असते. जळकोट तालुका झाला १९९९ साली, सगळा डोंगराचा भाग, मुरमाड रान. इथल्या तांड्यावरच्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या की उदगीर नाहीतर लातूरचा रस्ता धरावा लागतो. तालुक्यातालुक्याची यादी कुणी काढली तर आमचं नाव कुठं लागेल? मी हे पुतणीला बोललो. ती म्हणली, "काका, सात वर्षं मी हितंच होते. जळकोटला कोन बोलवलं मला? लातूरात पगार किती होता, विचारा की." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ठेवून घ्यायला काही दिलं नाही आणि जाताना हक्क सांगायचा, हे आपल्याला शोभत नाही.

मग मला त्या रकान्यातली शेवटची नोंद आठवते. वाट. शेजाऱ्याला माझ्या शेतातून जायची वाट असली तर तो माझा मालक होत नाही, मी त्याचा देणेकरी होत नाही. पैशानं ती उतरत नाही. मी फक्त एवढंच करायचं, तिथं काटे लावायचे नाहीत, नांगरून टाकायची नाही. दादाचा हक्क असा काही असावा, असं मला वाटतं. तिच्या तिकडच्या आयुष्यात याला अडवणूक न होता जाता-येता यावं. कुणी म्हणेल, हे तर काहीच मागितलं नाही. मला उलटं वाटतं. पैसे पाठवणं सोपं आहे. परदेशी गेलेली आमच्या भागातली दोन-तीन घरं मला माहीत आहेत. पैसे वेळेवर येतात. फोन उचलत नाहीत.

हे मी दादाला सांगायला गेलो तर तो पाईप जोडत बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणला, "वाट-बिट राहू द्या काका. मायच्या डोळ्याचं करायचंय. दिवाळीनंतरची तारीख दिलीय डाक्टरनं. ही तवर असंल का?" मी म्हणलं, परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, पास झाली तरी कागदाला वेळ लागेल, असंल. "मग बरं हाय. तिला डोळ्यात औषध घालायचं नीट जमतं. माझ्या हातून सगळं गालावर येतंय."

त्यानं पाईपला रबर बसवलं आणि मोटार चालू करायला मला पाठवलं.