निरोपाआधीची पेनल्टी

डब्लिन शहराच्या उत्तर भागात एक मुलगा राहत होता. लियम ब्रेडी त्याचं नाव. जन्म १९५६ चा. घर भावंडांनी भरलेलं. थोरल्या भावांपैकी दोघं, रे आणि पॅट, समुद्रापलीकडे इंग्लंडला जाऊन फुटबॉलवर पोट भरत होते. धाकट्या लियमच्याही पायाला कायम चेंडू असायचा.

त्या काळी आयर्लंडमधल्या बऱ्याच शाळांत गेलिक फुटबॉललाच मान होता. चेंडू हातातही घेता येतो असा तो त्यांचा अस्सल देशी खेळ. नुसत्या पायानं खेळायचा तो इंग्रजांचा खेळ, असं मोठी माणसं म्हणत. लियमचा जीव नेमका त्या दुसऱ्या खेळात होता. सेंट केविन्स बॉइज नावाच्या मुलांच्या क्लबात तो खेळू लागला. अंगानं किरकोळ होता, पण डावा पाय असा होता की चेंडू त्याचं ऐकायचा.

पंधरा वर्षांचा असताना लंडनच्या आर्सेनल क्लबानं त्याला नेलं. तशी दरवर्षी कितीतरी आयरिश पोरं पलीकडे जायची. परक्या घरात राहायची, सरावाला जायची, मोठ्या खेळाडूंचे बूट घासायची आणि घरच्या पत्राची वाट बघायची. बहुतेक जण वर्षा-दोन वर्षांत मुकाट्यानं परत यायचे. लियम टिकला. बटाट्याचे तळलेले चिप्स त्याला फार आवडायचे, म्हणून सोबत्यांनी त्याचं नाव ‘चिपी’ पाडलं. पुढं तो चेंडू अलगद उचलून टाकतो म्हणून हे नाव पडलं, असं लोकांना वाटू लागलं. खरं कारण चिप्सच होतं.

सतराव्या वाढदिवशी तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९७३ च्या ऑक्टोबरात आर्सेनलच्या मोठ्या संघातून मैदानात उतरला. पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर सोव्हिएत संघाविरुद्ध तो देशासाठी खेळला. आयर्लंडनं तो सामना ३-० असा जिंकला.

त्याचं काम मधल्या फळीतलं. या जागेवरचा माणूस स्वतः गोल कमी करतो, पण गोल होण्याआधी चेंडू त्याच्याकडून गेलेला असतो. १९७९ च्या एफए कप अंतिम सामन्यात आर्सेनल २-० नं पुढं होता. शेवटच्या काही मिनिटांत मँचेस्टर युनायटेडनं दोन्ही गोल फेडले. पाय जड झालेले, सगळे हबकलेले. तेव्हा लियमनं चेंडू घेतला, मैदानाच्या मधून तो पुढं नेला आणि डावीकडं ग्रॅहम रिक्सला दिला. रिक्सनं तो गोलसमोर टाकला आणि ॲलन संडरलंडनं जाळ्यात ढकलला. आर्सेनल जिंकला. त्या वर्षी इंग्लंडमधल्या खेळाडूंनी आपल्यातला सर्वोत्तम म्हणून लियमची निवड केली.

दुसऱ्या वर्षी उलटं झालं. १९८० च्या मे महिन्यात ब्रसेल्सला युरोपातल्या कप विनर्स कपचा अंतिम सामना होता. समोर स्पेनचा व्हॅलेन्सिया. गोल झालाच नाही आणि निकाल पेनल्टींवर गेला. लियमची पेनल्टी हुकली. पुढं रिक्सचीही हुकली. आर्सेनल हरला.

त्याच उन्हाळ्यात तो इटलीला गेला. इटलीनं १९६६ च्या विश्वचषकातल्या नामुष्कीनंतर बाहेरच्या खेळाडूंना दार लावून घेतलं होतं. १९८० साली ते किलकिलं झालं. प्रत्येक क्लबाला एक, एकच, परदेशी खेळाडू घेता येणार होता. तुरिनच्या युव्हेंटसनं आपली ती एक जागा लियमला दिली. तो चोवीस वर्षांचा होता. पाठीवर १० क्रमांक आला. भाषा येत नव्हती, ती तो शिकला. पहिल्याच वर्षी युव्हेंटसनं लीग जिंकली, आणि मधल्या फळीत खेळूनही लीगमध्ये संघातर्फे सर्वांत जास्त गोल त्याचेच होते. आठ.

दुसरं वर्षही चांगलं चाललं होतं. मग नियम बदलला. पुढच्या हंगामापासून दोन परदेशी चालणार होते. युव्हेंटसनं पोलंडचा बोनिएक घेतला. लियमला वाटलं असेल, दुसरा मी. पण हंगाम संपत आला असताना क्लबानं त्याला सांगितलं, की दुसरी जागा फ्रान्सच्या प्लातिनीला दिली आहे.

त्याचा खेळ बिघडला नव्हता. चूक म्हणावी अशी त्याच्याकडून काही झाली नव्हती. पीक शेतात उभं असताना बटाईदाराला पुढच्या साली येऊ नकोस म्हणावं, तसं ते झालं. कापणी मात्र अजून त्यालाच करायची होती.

१६ मे १९८२. हंगामाचा शेवटचा दिवस. लीगमध्ये युव्हेंटस आणि फिओरेंतिना, दोन्ही क्लबांचे ४४ गुण. फिओरेंतिनाचा सामना सार्डिनिया बेटावर काल्यारीत, युव्हेंटसचा दक्षिणेकडं कातान्झारोत. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी खेळ सुरू झाला आणि दोन्ही ठिकाणी गोल होईना. पहिला अर्धा गेला. दुसऱ्यातलाही निम्मा गेला. पंचाहत्तराव्या मिनिटाला कातान्झारोच्या खेळाडूच्या हाताला गोलसमोर चेंडू लागला. पंचांनी शिट्टी फुंकली. पेनल्टी.

युव्हेंटसच्या पेनल्टी मारायचं काम लियमचं होतं.

बघणाऱ्याला वाटतं, त्याला बाजूला होता आलं असतं. ज्यांनी आपल्याला नको म्हटलं, त्यांचं वर्षभराचं नशीब त्या एका चेंडूवर ठेवलेलं. हुकली तर लोक काय म्हणतील, हेही उघड होतं. रागानं मारली म्हणतील, की मुद्दाम घालवली म्हणतील. ब्रसेल्सची पेनल्टी हुकूनही दोनच वर्षं झाली होती. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, ते तोच जाणे. दिसलं ते एवढंच, की त्यानं चेंडू ठिपक्यावर ठेवला, मागं सरला, धावत आला आणि डाव्या पायानं मारला.

चेंडू जाळ्यात गेला.

फिओरेंतिनाचा सामना गोलाविना सुटला. युव्हेंटस ४६ गुणांवर, फिओरेंतिना ४५ वर. युव्हेंटसचं ते विसावं विजेतेपद होतं. इटलीत दहा विजेतेपदांमागं जर्सीवर एक सोनेरी तारा लागतो; त्या दिवशी युव्हेंटसला दुसरा तारा मिळाला. दोन तारे लागलेली जर्सी लियमला पुढं घालायची नव्हती. त्याची १० क्रमांकाची जागा प्लातिनीकडं गेली, आणि प्लातिनीनं ती गाजवली.

ही गोष्ट सांगताना लोक लियमच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात. मला त्याहून साधं काहीतरी दिसतं. तो अजून त्या संघाचा होता. ज्यांच्यासोबत दोन वर्षं घाम गाळला ते सोबती मैदानात होते आणि त्यांचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नव्हतं. निरोप मिळाला होता तो पुढच्या हंगामाचा. त्या दुपारचं काम कुणी त्याच्याकडून काढून घेतलं नव्हतं, आणि अपमान झाला म्हणून त्यानंही ते सोडलं नाही. आपल्यातल्या पुष्कळांना नोकरीत, घरात, संस्थेत असा निरोप कधीतरी ऐकावा लागतो, आणि मधले उरलेले दिवस काढणं सर्वांत अवघड जातं.

लियम इटली सोडून पळाला नाही. सॅम्पदोरिया, इंटर, अस्कोली असं करत १९८७ पर्यंत तिथंच खेळला, मग लंडनला वेस्ट हॅमकडं आला. देशासाठी ७२ सामने खेळून १९९० मध्ये थांबला. पुढं पंधरा वर्षांहून जास्त काळ त्यानं आर्सेनलच्या तरुण खेळाडूंची अकादमी सांभाळली. एके काळी तो स्वतः जसा आला होता, तशी कोवळी पोरं तिथं यायची.

कातान्झारोच्या त्या सामन्यात युव्हेंटसचे प्रशिक्षक होते जोव्हानी त्रापात्तोनी. सव्वीस वर्षांनी, २००८ मध्ये, ते आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या मदतनिसांत एक नाव लियम ब्रेडीचं होतं.