खर्जातली बांधिलकी

कलावंताच्या बांधिलकीचा विचार मराठी समीक्षेत बहुतेक वेळा आशयाच्या अंगाने झालेला आहे. म्हणजे कवितेत किंवा नाटकात कोणाची बाजू घेतली आहे, कोणत्या अन्यायाला वाचा फोडली आहे, यावरून ती जोखली जाते. ज्या संगीताला शब्दच नाहीत त्याच्या बाबतीत हा निकष लंगडा पडतो, आणि जो वादक मैफलीत सहसा पुढे येत नाही, इतरांच्या वादनाला खालून आधार देत उभा राहतो, त्याच्यापाशी तर तो पोहोचतच नाही. अमेरिकन जॅझ बासवादक चार्ली हेडन (१९३७–२०१४) यांच्या कारकिर्दीचे मोल याच ठिकाणी आहे. त्यांचे राजकारण आणि त्यांची वाजवण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या, तर दोन्हींचे आकलन अपुरे राहते.

डबल बास हे व्हायोलिनच्या कुळाशी नाते सांगणारे, माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे मोठे वाद्य असते. त्याला बहुधा चार जाड तारा असतात आणि सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे ऐकू येण्याइतकाच अंगाला जाणवणारा असतो. युरोपीय वाद्यवृंदात तो मुख्यतः गजाने वाजतो, तर जॅझमध्ये उजव्या हाताच्या बोटांनी तार खेचून वाजवला जातो. जॅझच्या प्रचलित रीतीत गाण्याला कॉर्डांचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांचा, ठरलेला क्रम असतो. त्या क्रमावर एकल वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो आणि बासवादक दर मात्रेला एक खालचा स्वर देत लय आणि क्रम दोन्ही सांभाळतो. मराठी श्रोत्याला येथे तानपुरा आठवेल, पण दोन्हींत मोठा फरक आहे. तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो, बासचा स्वर मात्र चालत राहतो. आणि वर सनईसारखा लांबवलेला एकच स्वर असला तरी खालचा स्वर बदलताच तो कधी स्थिरावलेला, कधी व्याकूळ, तर कधी खटकणारा वाटू लागतो. बासवादक मागे उभा असला तरी पुढच्याच्या बोलण्याचा अर्थ असा त्याच्या हाती असतो, आणि हा अधिकार कसा वापरायचा हा केवळ तंत्राचा प्रश्न राहत नाही.

हेडन यांचा जन्म आयोवा राज्यातील शेनंडोआ या गावी झाला. त्यांचे कुटुंब ग्रामीण अमेरिकेतील लोकगीते रेडिओवरून गाणारे होते आणि दोन वर्षांचे असल्यापासून तेही त्या कार्यक्रमात गात. वयाच्या १५ व्या वर्षी पोलिओने त्यांच्या गळ्यावर घाला घातला; जीव वाचला, गाणे गेले. थोरला भाऊ बास वाजवत असे, त्यामुळे ते वाद्य घरचेच होते. गमावलेला आवाज वाद्यात सापडला, असे चरित्रपर लेखनात सहज लिहून टाकले जाते. पण त्यांच्या वादनात त्याहून अधिक काटेकोर काहीतरी दिसते. गाणाऱ्याला दुसऱ्याच्या स्वराशी आपला स्वर जुळवून धरावा लागतो, घरच्या सामूहिक गाण्यात तर आपला आवाज चढला की दुसऱ्याचा बुडतो, हे ज्ञान त्यांनी बासवर आणले. कमी स्वर, प्रत्येक स्वर पूर्ण वाजू देणे, शक्यतो खालच्या सप्तकात राहणे आणि वरच्या तारा धातूऐवजी आतड्याच्या वापरून नाद लाकडासारखा ठेवणे, ही त्यांच्या वादनाची खूण होती. ज्या काळात बासवादकांची पिढी वेगाने आणि वरच्या स्वरांत खेळू लागली होती, त्या काळात ही निवड धाडसाची होती.

१९५७ साली ते लॉस एंजेलिसला आले आणि तेथे त्यांची गाठ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्याशी पडली. कोलमन यांना कॉर्डांचा ठरलेला क्रम नको होता. मूळ धून वाजवून झाली की त्या धुनीच्या भावातून जे सुचेल त्या दिशेने जावे, असे त्यांचे म्हणणे होते. इतर बासवादकांना यात पायाखालची वाट काढून घेतल्यासारखे वाटले असते, कारण क्रमच नसेल तर राखायचे काय? हेडन यांचे उत्तर त्यांच्या वादनात आहे: राखायचा तो समोरचा माणूस. पुढचा स्वर कागदावरून ठरत नसेल, तर तो कानांनी ठरवावा लागतो. एकल वादक कुठे निघाला आहे हे क्षणभर आधी ओळखून त्याच्या पायाखाली जमीन ठेवावी लागते. मे १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ या तबकडीतील ‘लोन्ली वुमन’ ही रचना या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. ड्रमवर बिली हिगिन्स यांची झपझप चाललेली लय, तिच्याखाली हेडन यांचे दोन तारा एकत्र छेडत सावकाश टाकलेले, आधारस्वराला धरून राहिलेले स्वर, आणि मग त्या दोन गतींच्या वर तरंगत येणारी सॅक्सोफोन व कॉर्नेट यांची विलापासारखी धून. येथे तानपुरा आठवणे अधिक सार्थ ठरते. त्याच वर्षीच्या ‘रॅम्ब्लिन’ या रचनेत तर बासच्या एकल वादनात ‘ओल्ड जो क्लार्क’ या जुन्या लोकगीताची चाल येते. न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबात ज्या संगीतावरून रसिकांत कडाक्याचे मतभेद झाले, त्याच्या तळाशी आयोवाच्या रेडिओवरचे घरगुती गाणे वाहत होते.

१९६० मध्ये हेरॉइनच्या व्यसनापायी त्यांना कोलमन यांचा चमू सोडावा लागला आणि पुढची काही वर्षे उपचारांत गेली.

१९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या संतापातून त्यांनी ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’ उभा केला. संगीतयोजना कार्ला ब्ले यांची होती. पहिल्याच तबकडीत स्पेनच्या यादवी युद्धातील प्रजासत्ताकवाद्यांची गीते, चे गव्हेराच्या स्मरणार्थ हेडन यांनी रचलेले ‘साँग फॉर चे’ आणि ‘सर्कस ’६८ ’६९’ ही विलक्षण रचना आहे. शिकागोत १९६८ साली भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात युद्धविरोधी ठराव फेटाळला गेल्यावर काही प्रतिनिधी उभे राहून नागरी हक्क चळवळीचे गीत गाऊ लागले, तेव्हा सभागृहातील वाद्यवृंदाने उत्साही देशभक्तिपर चाली मोठ्याने वाजवून ते गाणे बुडवले होते. हेडन यांनी आपले वादक दोन गटांत वाटून ते बुडवणेच ऐकवले. आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज वर राहावा म्हणून खाली वाजवणाऱ्या वादकाला संगीताचा हा वापर सर्वांत असह्य वाटावा, हे स्वाभाविक होते.

या कारकिर्दीतील एक प्रसंग महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकाला परका वाटणार नाही. २० नोव्हेंबर १९७१ रोजी पोर्तुगालमधील कॅस्काइस येथे पुन्हा कोलमन यांच्या चमूसह वाजवताना हेडन यांनी ‘साँग फॉर चे’ ही रचना मोझांबिक, अंगोला आणि गिनी येथील कृष्णवर्णीय जनतेच्या मुक्तिलढ्यांना अर्पण केली. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गोव्याच्या मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे यांना तर गोवामुक्तीनंतरही पोर्तुगालच्या तुरुंगात जानेवारी १९६९ पर्यंत काढावे लागले होते. आफ्रिकेतील वसाहतींत युद्ध चालू होते आणि त्यासाठी पोर्तुगीज तरुणांची सक्तीने भरती होत होती. त्याच तरुणांनी भरलेल्या सभागृहात जल्लोष उसळला. दुसऱ्या दिवशी लिस्बनच्या विमानतळावर गुप्त पोलिसांनी हेडन यांना ताब्यात घेतले. चौकशी झाली आणि अमेरिकन वकिलातीच्या हस्तक्षेपानंतर त्यांची सुटका झाली. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधील ती हुकूमशाही राजवट कोसळली आणि १९७६ च्या ‘क्लोजनेस’ या तबकडीत त्यांनी स्वतंत्र पोर्तुगालच्या नावाने एक रचना दिली.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. कॅस्काइसमध्ये पोलिसांना खटकले ते शब्द होते. शीर्षक आणि अर्पण काढून घेतले, तर ‘साँग फॉर चे’ हे बासवरचे एक करुण स्वरचिंतन उरते, मग त्यात राजकीय ते काय? आक्षेपाचा पहिला भाग मान्यच करावा लागतो. स्वर स्वतःहून कोणत्याही पक्षाचे नसतात, आणि त्याच धाटणीच्या स्वरांनी राज्यकर्त्यांच्या मिरवणुकाही निघतात. परंतु स्वर कोणाचे आहेत यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात, हा प्रश्न संगीतात अधिक खोल जातो. हेडन यांच्या वाद्यवृंदात एकाच वेळी अनेक वादक मुक्तपणे वाजवत असतात, गोंगाटाच्या कडेपर्यंत जातात, आणि तरीही कोणाला गप्प केले जात नाही, कारण तळाशी एक माणूस सगळ्यांचे ऐकत उभा असतो. ज्याला स्वातंत्र्य म्हणायचे ते आधाराशिवाय उभे राहत नाही आणि आधाराने मालकी सांगितली तर ते उरत नाही, ही गोष्ट घोषणेत मांडली की सपाट होते. ‘लोन्ली वुमन’मध्ये ती प्रत्यक्ष घडताना ऐकू येते.

पुढच्या काळात त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या कॅलआर्ट्स या संस्थेत १९८२ साली जॅझचा अभ्यासक्रम सुरू केला, गिटारवादक पॅट मेथिनी यांच्याबरोबर १९९७ मध्ये ‘बियाँड द मिसूरी स्काय’ हे अतिशय शांत ध्वनिमुद्रण दिले, आणि २००८ च्या ‘रॅम्ब्लिंग बॉय’ या कौटुंबिक तबकडीत आपल्या जन्मगावाचे नाव असलेले लोकगीत खरबरीत, थकलेल्या आवाजात स्वतः गायले. बालपणीच्या पोलिओचे परिणाम उतारवयात पुन्हा बळावले आणि ११ जुलै २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’ची ‘टाइम/लाइफ’ ही तबकडी २०१६ मध्ये आली. तिच्यातील दोन रचनांत २०११ च्या मैफलीतला हेडन यांचा बास आहे, आणि उरलेल्या रचनांत त्यांच्या जागी स्टीव्ह स्वॉलो यांनी बास वाजवला आहे.