दारापाशी थांबलेला माणूस

कोलंबो निरोप घेतो, दारापर्यंत जातो आणि तिथे थबकतो. हात कपाळाकडे जातो, मान कलते, सिगार बोटांत तसाच राहतो. काहीतरी विचारायचं राहून गेलंय. खुनी माणसानं नुकताच कुठे सुटकेचा श्वास सोडायला घेतलेला असतो, तो छातीतच अडकतो.

खुनी कोण हे आपल्याला तोवर ठाऊक असतं. खून सुरुवातीलाच दाखवून टाकायचा आणि उरलेला सगळा वेळ हा गबाळा लेफ्टनंट त्या श्रीमंत, हुशार, नीटनेटक्या माणसाला कसा गाठतो ते दाखवायचं, ही रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीची 'कोलंबो' या टीव्ही मालिकेसाठीची रचना. गोष्टीतून रहस्यच काढून घेतलं की सगळा भार नटावर येतो. पीटर फॉकनं तो १९६८ साली पहिल्यांदा उचलला. १९७१ ते ७८ आणि पुन्हा १९८९ ते २००३, असे त्या पहिल्यासह मिळून ६९ भाग त्यानं पेलले. कोट त्याचा स्वतःचा, घरातून आणलेला. त्याच्या एमी पारितोषिकांपैकी चार या एका भूमिकेसाठी. पीटर फॉक म्हणजे कोलंबो, हे मग इतकं पक्कं झालं की नटाचं नाव विसरलं तरी चालण्यासारखं होतं.

असा शिक्का बसलेल्या नटावर लिहायची आपली एक ठरलेली रीत आहे. आधी त्या एका भूमिकेचं कौतुक करायचं आणि मग 'याशिवाय' म्हणून बाकीच्या कामांची यादी द्यायची. या रीतीचा मला मनापासून राग येतो. यादीनं एवढंच कळतं की माणसानं कष्ट केले. शिवाय तिच्यात एक गृहीत लपलेलं असतं, की गाजलेली भूमिका म्हणजे भिंत आणि नटाचा खरा आवाका त्या भिंतीपलीकडे कुठेतरी पडलेला आहे. फॉकचं काम मी जितकं पाहत गेलो तितकं मला उलट दिसत गेलं. त्याचा सगळा आवाका त्या दारापाशी थांबण्यातच आहे. फक्त तो दिसायला आधी दुसरीकडे जाऊन यावं लागतं.

शिक्का बसतो कसा? नाटक-सिनेमाचा नट आपण त्याच्या जागी जाऊन पाहतो. दूरदर्शनचा नट आपल्या घरी येतो, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आपण जेवत असताना. तो हळूहळू नात्यातला होतो, आणि नात्यातल्या माणसानं बदललेलं आपल्याला खपत नाही. बाळ कर्वे रंगभूमीवर कितीही वर्षं वावरले तरी एका आख्ख्या पिढीसाठी ते गुंड्याभाऊच राहिले. त्याच मालिकेतल्या चिमणरावाला मागे ठेवून दिलीप प्रभावळकर तात्या विंचू झाले, टिपऱ्यांचे आबा झाले, गांधीजी झाले. यात एकाचं कमी आणि दुसऱ्याचं जास्त असं मला मोजता येत नाही. घरात शिरलेला माणूस बाहेर पडणार की नाही, हे पुष्कळदा घरातले लोक ठरवतात.

फॉकच्या बाबतीत तर क्रमच उलटा होता. आवाका आधी आला, शिक्का नंतर. तीन वर्षांचा असताना गाठ झाल्यामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला. पुढे जन्मभर काचेचा. तो लोकप्रशासन शिकला आणि कनेक्टिकट राज्याच्या अंदाजपत्रक खात्यात काटकसरीचे मार्ग शोधायची नोकरी करू लागला. नाटकाकडे पूर्णपणे वळला तेव्हा तिशी जवळ आली होती. एका बड्या स्टुडिओच्या मालकानं, तेवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळेल, असं म्हणून आपल्याला परत पाठवलं होतं, ही आठवण तो स्वतः सांगायचा. आणि मग १९६० च्या 'मर्डर, इन्क.' मध्ये त्यानं सुपारी घेऊन खून करणारा एब रेलीस केला आणि ऑस्करचं नामांकन मिळवलं. पुढच्याच वर्षीच्या कामासाठी पुन्हा नामांकन. जगातला सगळ्यांत लाडका पोलीस होण्याआधी तो पडद्यावरचा भयंकर मारेकरी होऊन गेला होता.

पण मला थांबायचंय ते १९७४ च्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' पाशी. जॉन कॅसावेट्सचा सिनेमा. कोलंबोची लोकप्रियता शिगेला असतानाच्या वर्षांत फॉकनं या सिनेमात कामही केलं आणि मालिकेतून कमावलेले स्वतःचे पैसेही घातले. कोणताही स्टुडिओ एका बिथरत चाललेल्या गृहिणीच्या गोष्टीवर पैसा लावायला तयार नव्हता. म्हणजे त्या मळक्या कोटानंच या सिनेमाचा खर्च उचलला. भूमिकेत अडकलेला म्हणून आपण ज्याची कीव करतो, तो त्याच भूमिकेच्या कमाईवर दुसरीकडे मोकळा होत होता.

यात फॉक आहे निक, मजुरांच्या टोळीचा मुकादम. बायको मेबल, म्हणजे जीना रोलंड्स. दोघांनी ती रात्र एकमेकांसाठी राखून ठेवली आहे, मुलांना आजीकडे धाडलंय, आणि नेमका पाण्याचा मोठा पाइप फुटतो. निक रात्रभर कामावर. सकाळी तो आख्खी टोळी घरी घेऊन येतो आणि मेबल सगळ्यांसाठी स्पॅगेटी करते. लांब टेबल, थकलेले, लाजरे पुरुष, ताटल्या पुढे सरकताहेत. एक जण गायला लागतो. मेबलला इतका आनंद झालाय की तिला तो आवरत नाही. ती एका तरुण मजुराच्या मागे लागते, त्याला नाचायचा आग्रह करते, तो संकोचून खाली बघतो. आणि निक ओरडतो. एकदाच, पण असा, की काटे-चमचे हातात थिजतात. त्यानंतर त्या टेबलावर जी शांतता पसरते तिच्यात फॉकचा चेहरा पाहावा. ओरडलो हे चूक झालं ते त्याला कळलंय. न ओरडता काय करायला हवं होतं ते मात्र कळत नाही.

इथे मला कोलंबोचा हात आठवला. तीच चलबिचल, तीच अर्धी तुटलेली वाक्यं, बोलायच्या आधी हवेत उठणारा तोच हात. कोलंबोला सगळं ठाऊक असतं आणि तो ठाऊक नसल्याचं दाखवतो. निकला काहीच ठाऊक नाही आणि तो घरचा कर्ता म्हणून ठाऊक असल्याचं दाखवत राहतो. हालचाल एकच, फक्त आतला माणूस फिरवला आहे. कोलंबोच्या थांबण्यानं समोरचा घाबरतो, निक थांबतो तेव्हा तो स्वतः घाबरलेला असतो. नटाचा आवाका मिशा लावण्यात आणि आवाज बदलण्यात शोधायची आपल्याला सवय आहे. फॉक काही बदलत नाही. तोच घोगरा आवाज, तोच चेहरा, तीच कललेली मान.

सहा महिने इस्पितळात काढून मेबल परतते, तेव्हा निकनं घरभर पाहुणे बोलावून ठेवलेले असतात. त्याच्या आईला मूर्खपणा कळतो आणि ती बाहेरच्यांना वाटेला लावते. मेबल बिचारी जपून, शहाण्यासारखी वागू लागते आणि ते निकला सोसत नाही. तो तिला बाजूला घेऊन विनवतो, पूर्वीसारखी हो, ते तुझे वेडे आवाज काढ. ज्या वागण्यापायी त्यानंच तिला इस्पितळात धाडलं, तेच तो आता परत मागतो आहे. इतकं प्रेम आणि इतकी अक्कलशून्यता एका चेहऱ्यावर एका वेळी मी क्वचित पाहिली आहे. पुढे तो तिच्यावर हातही उगारतो. फॉक त्याला सोडवायला जात नाही, गोड करत नाही. घरोघरी लाडका असलेल्या नटानं हे करणं मला फार धैर्याचं वाटतं.

१९७६ च्या 'मायकी अँड निकी' मध्ये तो याच्याही पुढे गेला. एलेन मे दिग्दर्शक, समोर कॅसावेट्स नट म्हणून. फिलाडेल्फियातली एक रात्र, लहानपणापासूनचे दोन मित्र. निकीच्या जिवावर टोळी उठली आहे आणि त्याला सावरायला आलेला मायकीच त्याचा ठावठिकाणा मारेकऱ्याला कळवतो आहे. निकीच्या पोटात आग पडली आहे, तर दुधाची साय मिळवायला मायकी हॉटेलवाल्याच्या अंगावर धावून जातो. ही काळजी खोटी नाही आणि दगाही खोटा नाही. पहाटे निकी मायकीच्या दारावर धडका देत त्याच्या नावानं हाका मारतो. आत फॉक उभा आहे. तो दार उघडत नाही. कोलंबो प्रत्येक दारातून परत येतो, हा माणूस दारामागे थिजून राहतो.

विम वेंडर्सनं १९८७ मध्ये 'विंग्ज ऑफ डिझायर' साठी फॉकला बर्लिनला नेलं आणि पीटर फॉक म्हणूनच उभा केला. रस्त्यावरची पोरं त्याला बघून हा कोलंबो तर नाही ना, असं कुजबुजतात. तो शिक्का लपवायची गरजच उरलेली नाही. थंडीत कॉफीच्या गाड्यापाशी त्याला जवळ कुणीतरी अदृश्य उभं असल्याचं जाणवतं, आणि तो रिकाम्या हवेशी बोलू लागतो. कॉफीची चव, सिगारेट, गारठलेले हात एकमेकांवर चोळण्यातलं सुख. मग तो हात पुढे करतो, न दिसणाऱ्या देवदूताला. न दिसणाऱ्या माणसाचा माग काढणं हे कोलंबोचंच काम, इथे त्यातून बेड्या वजा झाल्या आहेत.

एवढं सगळं पाहून झाल्यावर मी पुन्हा मालिकेकडे वळलो. १९७३ मधला 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' हा भाग लावला. डोनल्ड प्लेझन्स त्यात वाइनवर जीव टाकणारा, एकटा, मानी खुनी आहे. त्याला पकडण्यासाठी कोलंबो वाइन शिकतो. शेवटी गुन्हा कबूल होतो, कोलंबो त्याला आपल्या खटारा प्यूजोमध्ये बसवतो आणि त्याच्याच मळ्यापाशी गाडी थांबवतो. जेवणानंतर घ्यायची योग्य ती बाटली त्यानं बरोबर आणली आहे. खुनी लेबल पाहतो आणि शिष्याला द्यावी तशी दाद देतो. फॉकचा चेहरा तेव्हा लाजून उजळतो, निकचा उजळायचा तसा, शब्द न सापडलेला. दोघे गाडीत बसून सावकाश पितात. तुरुंगाकडे निघायची घाई कुणालाच नसते.