योसेफचा दुभाषी

तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रब्बा नावाच्या एका आचार्याची हकीकत आहे. हा बाबिलोनमधला, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला. पाठ सुरू करण्याआधी तो शिष्यांना काहीतरी गमतीचं सांगायचा. शिष्य हसायचे. मग तो गंभीर होऊन बसायचा आणि धर्मशास्त्राला हात घालायचा. ती गंमत कोणती होती, हे मात्र तालमूदने नोंदवलेलं नाही. एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या गायीला शिंग मारलं तर भरपाई किती, यावर पानंच्या पानं खर्च करणाऱ्यांनी नेमका विनोद गाळला! मला त्यांचा राग येत नाही. विनोद त्या दिवशीचा आणि त्या बैठकीतल्या माणसांचा असतो, तो लिहून ठेवला की निम्मा मरतो.

आजकाल कुठल्याही समाजाच्या मंडळाची बैठक भरली आणि ‘आपली परंपरा लोकांपर्यंत न्यायची’ असा विषय निघाला की एक सूचना हटकून येते: थोडं गाणं ठेवा, थोडे विनोद ठेवा, मग लोक येतील, आणि आले की हळूच दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगा. कडू गोळी गुळात लपवून द्यावी तसा हा प्रकार. यात ज्ञानाचा अपमान आहे, आणि विनोदाचा त्याहून जास्त. ज्यू परंपरेत हसू असं आमिष म्हणून आलेलं दिसत नाही. ते ऐकणाऱ्याची परीक्षा घेतं. अठराव्या शतकात पूर्व युरोपात दुब्नोचा मग्गिद म्हणून प्रसिद्ध असलेला याकोब क्रान्झ गावोगाव प्रवचनं करीत फिरायचा. प्रत्येक वचनाला इतका चपखल दृष्टांत तुम्हाला सापडतो कसा, असं त्याला कुणी विचारलं. त्यावर त्याने दृष्टांतच दिला. एका तिरंदाजाचे सगळे बाण वर्तुळांच्या नेमक्या मध्यावर लागलेले असत. युक्ती एवढीच, की तो आधी बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचा. हे ऐकून हसायला धनुर्विद्या येण्याची गरज नाही. पण वचन आणि दृष्टांत यांचं नातं ज्याला माहीत आहे तो दुप्पट हसतो.

हीच गोष्ट आपल्याकडे, चक्क कीर्तनात घडली. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे बेने इस्रायल ज्यू एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने मुंबईत आले. सुंता, शब्बाथ, शमाची प्रार्थना हे त्यांनी जपलं होतं, हिब्रू ग्रंथ मात्र जवळजवळ हातचे गेले होते. ते परत मिळाले ते काही अंशी मिशनऱ्यांमुळे. जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि हेतू परत केला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादात, म्हणजे पेसाह सणाच्या पोथीत, तर सणाच्या भाकऱ्या लाटणाऱ्या बायका चित्रात साडीत आहेत.

पण छापील पुस्तक वाचणाऱ्यापाशीच थांबतं. १८८०च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायल मंडळींनी हिंदू कीर्तनं ऐकली आणि तो सांगाडा जसाच्या तसा उचलला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं अग्रणी नाव. साकी, दिंडी, आर्या, ओवी हे छंद सगळे तेच. आख्यान मात्र अब्राहामाचं, मोशेचं, योसेफचं.

योसेफचं आख्यान डोळ्यांसमोर आणून बघा. भावांनी विकलेला हा मुलगा मिसरचा सर्वाधिकारी झालाय. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला दारात येतात. तो त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. तो त्यांना हेर ठरवून दरडावतो, आणि तेही दुभाष्यामार्फत. साहेबाला आपली भाषा कुठली कळायला, अशा समजुतीत भाऊ त्याच्यासमोरच आपसात जुन्या पापाबद्दल कुजबुजतात. त्याला शब्दन् शब्द कळतोय. कीर्तनकाराला ही जागा हवी तेवढी ताणता येते. एका भावाचा गुर्मीचा सूर, दुसऱ्याचा रडका, दुभाष्याचा भलताच शिष्टपणा, मध्येच हार्मोनियमचा एक सूर आणि लगेच साकी. श्रोते हसतात, कारण भावांना जे ठाऊक नाही ते त्यांना ठाऊक आहे. हसला त्याला कथा कळली. आणि पुढच्याच पदात योसेफ आत जाऊन रडतो, तेव्हा याच हसलेल्या माणसांना हुंदका आवरत नाही. शिक्षण, संगीत आणि विनोद असे तीन कप्पे इथे पाडता येत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत ते वेगवेगळे छापले की काहीतरी बिनसलंच म्हणायचं.

विठ्ठलाच्या भक्तीत वाढलेला प्रकार मूर्ती न मानणाऱ्या धर्माने का घ्यावा, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला त्यात अडचण दिसत नाही. घेणाऱ्यांनी देव बदलला नाही, त्यांनी श्रोत्याचा कान ओळखला. रोह्याच्या, पेणच्या, अलिबागच्या माणसाला दिंडी कुठे वळणार हे आधीच कळतं. ते आयतं मिळालेलं शिक्षण वाया घालवून, कुठल्या तरी परक्या चालीत मोशे गाणं म्हणजे निव्वळ हटवादीपणा झाला असता.

१९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक लोक इस्रायलला गेले. लोद, दिमोना, बेर्शेबा अशा गावांत स्थिरावले. तिथे कीर्तनाची पदं आज मुख्यतः बायका गातात. पण पेच असा, की मूळ कामच उलटं झालंय. मुंबईत श्रोत्यांची मराठी पक्की होती आणि तोराची, म्हणजे मूळ धर्मग्रंथाची, ओळख करून द्यायची होती. इस्रायलमध्ये नातवंडांना योसेफची गोष्ट शाळेत, मूळ हिब्रूत शिकवतात, आणि अडतं ते मराठीपाशी. आता दुभाषी त्यांनाच लागतो. पदाचं लिप्यंतर करता येतं, अर्थ पडद्यावर दाखवता येतो, चालही शिकवता येते. साकीतला चिमटा मात्र अर्थ वाचून होईपर्यंत विरतो, आणि आजीच्या मागोमाग नातू उशिरा, शिष्टाचार म्हणून हसतो.

या पदांचं ध्वनिमुद्रण व्हायला हवं, अभ्यासकांनी ती लिहून ठेवायला हवीत, यात वाद नाही. पण माझ्या हाती पैसे असते तर आधी त्या नातवंडांच्या मराठीच्या वर्गावर खर्च केले असते, आणि पहिल्या सत्राला पाठ्यपुस्तक म्हणून योसेफचं आख्यानच लावलं असतं. गोष्ट त्यांना पाठ आहे, तेव्हा भाषेवरच लक्ष देता येईल. परीक्षेलाही वेगळा पेपर नको, भाऊ कुजबुजायला लागले की कोण कधी हसतो एवढं बघायचं.