बॉइलची तसबीर आणि हवा उपसणारे यंत्र

लंडनचा कोरक विल्यम फेथॉर्न याने १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइल या रसायनशास्त्रज्ञाची जी तसबीर कोरली, तिच्यात बॉइलच्या मागे एक यंत्रही दिसते, आणि ते कोणाच्या सूचनेवरून आले हे पाहिल्याशिवाय त्या तसबिरीचे मर्म कळत नाही. ताम्रकोरीव चित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघा खोदून, त्यांत शाई भरून, वरची शाई पुसून ओलसर कागदावर दाबाने घेतलेला छाप. या पद्धतीत सावलीसुद्धा रेघांच्या दाटीनेच दाखवावी लागत असल्यामुळे, चित्रातली प्रत्येक वस्तू कोरकाच्या कष्टांची मागणी करते आणि म्हणून ती विचारपूर्वकच आलेली असते.

हे यंत्र म्हणजे हवा उपसण्याचा पंप होय. वर काचेचा मोठा गोल, त्याखाली तोटी, तिच्याखाली पितळी नळकांडे आणि दात्यांच्या दांड्याने खालीवर होणारा, कातडे लावलेला दट्ट्या, अशी त्याची रचना होती. तो घडवला रॉबर्ट हुकने, जो त्या काळी बॉइलचा मदतनीस होता. आणि तसबिरीत हे यंत्र दाखवावे अशी सूचनाही त्यानेच केली. बॉइलने १६६० च्या आपल्या ग्रंथात हुकचा नावानिशी उल्लेख केला, हे त्याच्या प्रांजळपणाचे लक्षण मानले पाहिजे. परंतु चेहरा मात्र एकाचाच कोरला गेला, आणि हुकचे खात्रीचे म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.

त्याच ग्रंथातल्या एका प्रयोगात गरम पाणी काचेच्या गोलात ठेवून हवा उपसताच ते उकळू लागल्याचे नोंदले आहे. द्रवावरचा हवेचा दाब कमी झाला की त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, खाली येतो, हे त्यामागचे कारण. शिरूर तालुक्यातील न्हावरे आणि दौंड तालुक्यातील पाटस येथे घोड-भीमेच्या खोऱ्यातील उसावर जे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांच्या रस आटवण्याच्या पॅनचा पाया हेच तत्त्व आहे. उघड्या काहिलीत रस आटवताना गुळाला जो रंग चढतो, तो साखरेला चालत नाही. जास्त उष्णतेने साखर काळवंडते आणि तिचा काही भाग विघटित होऊन दाणा धरण्याजोगा उरत नाही. म्हणून बंद पॅनमधील हवा काढून घेऊन घट्ट रस साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसलाच उकळवला जातो. हा निर्वात पॅन एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आणला.

तथापि तत्त्व आणि यंत्र दोन्ही हाताशी असली तरी दाणा आपोआप पडत नाही. पॅन चालवणारा कामगार, म्हणजे पॅनमन, त्यातला माल थोडा बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरवतो, उजेडासमोर धरून कडा पाहतो, बोटांत घेऊन त्याची तार जोखतो, आणि नको असलेला बारीक दाणा नव्याने पडू लागला की रस किंवा पाणी सोडून तो विरघळवतो. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या रात्रपाळ्यांतून येते, पुस्तकातून नव्हे, आणि म्हणूनच ते हुकच्या कारागिरीच्या जातकुळीचे आहे. त्याला शास्त्राच्या खालची पायरी मानणे चूक आहे, कारण फुटक्या सांध्याचा पंप असता तर बॉइलचे निष्कर्षही उभे राहिले नसते.

महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांचा इतिहास लिहिताना संस्थापकांच्या तसबिरी आधी येतात, आणि त्यांचे कर्तृत्व पाहता ते योग्यच आहे. परंतु फेथॉर्नने निदान यंत्राला तरी चौकटीत घेतले; मराठी औद्योगिक इतिहासाने त्याच्या पुढे जाऊन, पट्टीवरचा दाणा पाहणाऱ्या पॅनमनचे नाव, त्याची कामाची भाषा आणि त्याने दाणा कसा ओळखला याचे त्याच्याच शब्दांतले वर्णन, तो निवृत्त होण्यापूर्वी लिहून घेतले पाहिजे.